टेरॅरियममधला व्हीनस फ्लायट्रॅप: कृत्रिम प्रकाशात वाढवण्याची पूर्ण रीत

व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडणारं रोप, टेरॅरियममध्ये (रोपं वाढवायच्या काचेच्या भांड्यात) दगावतं ते बहुतेकदा एकाच रीतीनं. झाकणबंद काचेचं भांडं, आत कोंदट दमटपणा, नळाचं पाणी, अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं बोट घालून मिटवलेले सापळे. महिना-दोन महिने रोप तग धरतं. मग पानं लांबुळकी आणि फिकी होतात, सापळे लहान निघू लागतात आणि शेवटी मधला कोंब काळा पडतो. दोष रोपाच्या नाजूकपणाला दिला जातो, पण हे रोप मुळीच नाजूक नाही. त्याच्या गरजा मोजक्या आहेत आणि त्यांत तडजोड चालत नाही: भरपूर प्रकाश, क्षार नसलेलं पाणी, निकस माती आणि वर्षातून एकदा थंडीतली विश्रांती. हे सगळं टेरॅरियममध्ये देता येतं, फक्त टेरॅरियम त्या हिशेबानं मांडावं लागतं.

हे रोप जगात एकाच टापूत मूळचं सापडतं. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांतला समुद्रालगतचा सखल पट्टा, साधारण विल्मिंग्टन शहराच्या आसपासचा. उत्तर कॅरोलायनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी १७५९ मध्ये या रोपाबद्दल लिहून कळवलं, ती त्याची पहिली लेखी नोंद मानली जाते. तिथली जमीन वाळू आणि पीटची (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची), आम्लधर्मी, सतत ओलसर आणि अन्नद्रव्यांना पारखी. वर विरळ पाइनची झाडं, आणि अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे झुडपं माजत नाहीत, म्हणून जमिनीलगतच्या या बुटक्या रोपाला थेट ऊन मिळतं. उन्हाळा कडक, हिवाळ्यात पारा कधी शून्याखालीही जातो. वर्षावनातल्या दमट सावलीचं हे रोप नव्हे. टेरॅरियम म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते नेचे आणि शेवाळाचं असतं. ते आधी बाजूला ठेवा.

रोप निवडताना

सापळा किती मोठा आहे याकडे नंतर पाहा. आधी रोपाच्या मध्यभागी पाहा. तिथून नवी, ताठ, हिरवीगार पानं निघत असतील तर बाहेरचे दोन-चार सापळे काळे पडलेले असले तरी रोप चांगलं आहे. मधला भाग मऊ, तपकिरी किंवा वाकडातिकडा असेल तर सोडून द्या.

फ्लायट्रॅप पुष्कळदा झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत विकला जातो. तिथल्या दमट हवेला आणि मंद प्रकाशाला सरावलेलं रोप एकदम कोरड्या हवेत, प्रखर दिव्याखाली ठेवलं की जुनी पानं करपतात. झाकण आठवडाभर रोज थोडं अधिक उघडं ठेवत न्या, प्रकाशही दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. इतकं करूनही काही जुनी पानं जातीलच. त्याची चिंता नको, नव्या प्रकाशात उगवलेली पानं त्या प्रकाशासाठीच घडलेली असतात.

आणखी एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन. जंगलातून उपटून आणलेलं रोप घेऊ नका. या वनस्पतीची चोरी इतकी बोकाळली होती की उत्तर कॅरोलायनानं डिसेंबर २०१४ पासून ती गंभीर फौजदारी गुन्हा ठरवली. ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) किंवा विभागणीतून तयार केलेली रोपं सहज मिळतात आणि ती निरोगीही असतात. विक्रेत्याला रोप कुठून आलं ते विचारा. सरळ उत्तर मिळालं नाही तर रोप घेऊ नका.

भांडं: काच फक्त भिंतीपुरती

उथळ आणि रुंद काचेची टाकी घ्या, वरून पूर्ण उघडी. ४५ बाय ३० सेंटिमीटर तळ आणि ३० सेंटिमीटर उंची असलं की तीन-चार रोपं आरामात मावतात. झाकण नको. झाकणामुळे दिव्याची उष्णता आत कोंडते, काचेवर वाफ धरून प्रकाश घटतो आणि हवा न हलल्यामुळे राखाडी बुरशीला आयतं घर मिळतं. अरुंद तोंडाच्या बरण्या, गोल भांडी आणि लटकवायचे काचेचे गोळे या रोपासाठी वापरूच नका, कितीही सुरेख दिसले तरी.

आता मुख्य निर्णय: टाकीत थेट माती भरायची, की कुंड्या ठेवायच्या? माझं मत ठाम आहे, कुंड्याच ठेवा. टाकीच्या तळाला भोक नसतं, त्यामुळे पाण्यातून येणारे थोडेफार क्षारही तिथेच साचत जातात आणि धुऊन काढता येत नाहीत. थंडीसाठी रोप बाहेर काढायचं असतं, वर्षा-दोन वर्षांनी माती बदलायची असते, एखाद्या रोपाला मावा लागला तर त्याला वेगळं करायचं असतं. कुंडीत असलेलं रोप उचललं की झालं. थेट लावलेलं रोप काढायला प्रत्येक वेळी सगळी मांडणी उसकटावी लागते.

कुंडी प्लॅस्टिकची, तळाला भोकं असलेली आणि निदान १२ सेंटिमीटर खोल हवी. रोप बुटकं दिसलं तरी मुळं खोल जातात. मातीची भाजलेली कुंडी टाळा, तिच्यातून क्षार पाझरतात. टाकीचा तळ आणि कुंड्यांमधली जागा झाकायला सिलिका वाळू किंवा गारगोटीचे खडे वापरता येतात. खडे वापरण्याआधी त्यांच्यावर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यांत चुना आहे, ते परत करा. समुद्रकाठची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे आणि मिठामुळे चालत नाही.

माती

पीट मॉस आणि परलाइट (ज्वालामुखी खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे), समप्रमाणात. दुसरं काही मिसळायची गरज नाही. परलाइटऐवजी धुतलेली जाडसर सिलिका वाळूही चालते. नुसत्या लांब धाग्याच्या स्फॅग्नम मॉसमध्येही (दलदलीतलं शेवाळ) रोप छान वाढतं.

पीट घेताना पिशवीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. खत किंवा चुना मिसळलेलं पीट सर्रास मिळतं आणि ते फ्लायट्रॅपला मारतं. या रोपाची मुळं निकस मातीसाठी घडलेली आहेत. नायट्रोजन मातीतून मिळत नाही म्हणूनच तर त्यानं पानांचे सापळे केले. बागेतली माती, कंपोस्ट, शेणखत, गांडूळखत, यांतलं काहीही चिमूटभरसुद्धा नको. कोकोपीटात मीठ असतं. ते वारंवार धुऊन काही जण वापरतात, पण पीट मिळत असेल तर त्या खटाटोपात पडू नये.

सुकं पीट पाणी झटकून टाकतं. घमेल्यात घेऊन त्यावर कोमट डिस्टिल्ड पाणी ओता आणि हातानं मळत राहा. मुठीत दाबल्यावर थेंब गळतील पण धार लागणार नाही, इतपत ओलं झालं की परलाइट घाला. परलाइटची धूळ घशात आणि डोळ्यांत जाते, म्हणून ते आधी पाण्यानं भिजवून घ्या.

लावणी

जुन्या कुंडीतून रोप काढून मुळांभोवतीची माती पाण्यात हलवून सुटी करा. मुळं काळी दिसतील. घाबरू नका, या रोपाची निरोगी मुळं काळीच असतात, फक्त टोकं पांढरी. सडलेलं मूळ रंगावरून ओळखता येत नाही. ते बोटात धरलं की लिबलिबीत लागतं. मुळांच्या वर पांढरट, पानांचे बुंधे एकमेकांत बसून झालेला कंदासारखा भाग दिसेल. रोपाचा जीव त्यात असतो. पेन्सिलीनं मातीत खोल भोक करा, मुळं सरळ खाली सोडा आणि पांढरा भाग मातीत झाकून मधला कोंब मातीच्या पातळीवर येईल असं बसवा. कोंब गाडला तर कुजतो, कंद उघडा राहिला तर सुकतो. माती हलक्या हातानं दाबा, ठासू नका.

पाणी

पाण्याचं नाव विचारू नका, टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. खिशात मावणारं टीडीएस मीटर हे या छंदातलं सगळ्यात उपयोगी साधन. ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) खालचं पाणी उत्तम. १०० पर्यंतचं काही काळ निभावतं, पण मग माती लवकर बदलावी लागते. डिस्टिल्ड पाणी, स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी आणि आरओचं पाणी चालतं. मात्र बऱ्याच घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते, तेव्हा आरओ म्हणून निर्धास्त न राहता मोजून पाहा. पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार असतात. पाणी उकळल्यानं क्षार जात नाहीत, उलट वाफ उडून ते दाट होतात.

देण्याची पद्धत अशी: प्रत्येक कुंडीखाली उथळ बशी ठेवा किंवा टाकीच्या तळातच एक-दीड सेंटिमीटर पाणी राहू द्या. ते संपत आलं की पुन्हा भरा. मधे एखादा दिवस तळ कोरडा राहिला तर बरंच, मुळांना हवा मिळते. माती मात्र कधी सुकू देऊ नका. कुंडी अर्धी बुडेल इतकं पाणी कायम ठेवलं तर कंद सडतो.

तळातून वर चढणारं पाणी मातीच्या पृष्ठभागावरून उडून जातं आणि सोबतचे क्षार तिथेच राहतात. म्हणून महिन्यातून एकदा कुंडी बाहेर काढून वरून शुद्ध पाणी भरपूर ओता, खालून निथळू द्या आणि मगच परत ठेवा. मातीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागली तर पाणी तपासा आणि माती बदला.

प्रकाश

कृत्रिम प्रकाशात फ्लायट्रॅप वाढवणाऱ्यांची नव्वद टक्के मेहनत इथे लागायला हवी. आपले डोळे प्रकाशाच्या बाबतीत फसवे आहेत. दिवा लावलेली खोली लख्ख वाटते तेव्हा टेबलावर काहीशे लक्स (उजेडाचं माप) असतात. भर दुपारच्या उन्हात तोच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. फ्लायट्रॅप त्या उन्हातला रहिवासी आहे.

रोज एक लाख लक्स देणं शक्यही नाही आणि लागतही नाही, कारण दिवा आपण जास्त तास चालवू शकतो आणि त्याच्यापुढे ढग येत नाहीत. पानांच्या उंचीवर साधारण १५ ते २५ हजार लक्स पांढरा एलईडी प्रकाश, रोज १४ ते १६ तास, हे माझं लक्ष्य असतं. झाडांसाठीच्या मापात सांगायचं तर २० हजार लक्स म्हणजे पांढऱ्या एलईडीसाठी अंदाजे ३०० पीपीएफडी (पानांवर दर सेकंदाला पडणाऱ्या, झाडाच्या उपयोगी प्रकाशाचं माप). चौदा तासांत त्या प्रकाशाची बेरीज साधारण १५ मोल होते, आणि तेवढ्यात रोप नुसतं जगत नाही, रंगही धरतं.

पूर्ण वर्णपटाचा पांढरा एलईडी घ्या, ५००० ते ६५०० केल्विनचा (प्रकाशाच्या रंगछटेचं माप). लाल-निळ्या जांभळट दिव्यांखाली रोप वाढतं, पण तुम्हाला त्याचा खरा रंग दिसत नाही, मावा किंवा बुरशी वेळेवर कळत नाही, आणि संध्याकाळभर तसला उजेड खोलीत नकोसा होतो. वर सांगितलेल्या आकाराच्या टाकीला चांगल्या प्रतीचा, प्रत्यक्षात ३० ते ४० वॅट वीज घेणारा सपाट एलईडी पुरतो. खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, खरा वीजवापर बारीक अक्षरांत दिलेला असतो.

दिवा पानांपासून २० ते ३० सेंटिमीटरवर टांगा आणि मोजा. फोनमधलं लक्समापक ॲप आकड्यात चुकतं, पण तुलनेला उत्तम. फोन रोपाच्या जागी, स्क्रीन वर करून ठेवा. मग टाकीच्या चारही कोपऱ्यांत न्या. मधे २० हजार आणि कोपऱ्यात ८ हजार असा फरक नेहमी निघतो. म्हणून मोठे सापळे देणारी रोपं मध्यभागी, नुकती विभागलेली कडेला. काच चकचकीत पुसलेली असेल तर कोपऱ्यांना थोडा जास्त प्रकाश मिळतो. टाकीच्या मागच्या बाजूला पांढरा पुठ्ठा लावला तर आणखी फायदा होतो.

त्यानंतर मात्र मापकापेक्षा रोपाकडे पाहा. पानांचे देठ लांब, लोळणारे, सापळे पानाच्या मानानं बारीक आणि आतून फिके हिरवे असतील तर प्रकाश कमी आहे. दिवा पाच सेंटिमीटर खाली आणा आणि दोन आठवडे थांबा, कारण उत्तर नव्या पानांवर मिळतं, जुन्या पानांवर नाही. सापळ्याच्या आत तांबूस ते गडद लाल रंग चढला, पानं आखूड आणि ताठ झाली की जमलं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही जाती कितीही प्रकाशात हिरव्याच राहतात, आणि 'आकाई र्यू' सारखी जात देठापासून टोकापर्यंत लालच असते. तसंच वसंतातली पानं पसरट आणि जमिनीलगत, उन्हाळ्यातली उंच आणि बारीक देठाची, असा फरक कित्येक जातींत स्वभावतःच असतो. पानांचे शेंडे पांढुरके पडून वाळायला लागले तर दिवा फार जवळ आहे किंवा खाली उष्णता साचते आहे.

टायमर लावाच. दिवा हातानं लावणं-बंद करणं चार दिवस जमतं, नंतर वेळ पुढे-मागे होते. टेरॅरियममध्ये ऋतूची खूण रोपाला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते, तेव्हा टायमर म्हणजे या रोपाचं पंचांगच.

हवा आणि तापमान

वाढीच्या काळात २० ते ३२ अंश सेल्सियस. पस्तिशीच्या पुढेही रोप तग धरतं, फक्त मुळं गार राहायला हवीत, म्हणून टाकी दिव्याच्या उष्णतेनं तापत नाही ना हे हात घालून पाहत जा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असली तरी भागतं. उघड्या टाकीत ओल्या मातीमुळे तेवढी आपोआप राहते. फवारे मारण्याची गरज नाही. संगणकातला छोटा पंखा टाकीच्या काठावर लावून मंद गतीनं फिरवला तर बुरशीचा अर्धा प्रश्न सुटतो.

खाऊ घालणं

फ्लायट्रॅप स्वतःचं अन्न प्रकाशातूनच बनवतो. किडे त्याला नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी द्रव्यं पुरवतात. म्हणून अंधारातल्या रोपाला भरपूर किडे घालून काही होत नाही. उलट कमजोर रोपाचा सापळा पचन पुरं न करताच कुजतो. पण बंद खोलीतल्या टाकीत किडे फिरकत नाहीत, तेव्हा महिन्यातून एक-दोन सापळे भरावेत. एवढ्यानं वाढीत स्पष्ट फरक पडतो.

सापळा दोन पाळ्यांचा, म्हणजे एकमेकांवर मिटणाऱ्या दोन अर्ध्या भागांचा असतो. आतल्या बाजूनं प्रत्येक पाळीवर साधारण तीन बारीक केस असतात, डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाहीत. एका स्पर्शानं काही होत नाही. सुमारे वीस सेकंदांत दुसरा स्पर्श झाला की सापळा सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतो. स्पर्शाची ही खबर पानातून विजेच्या लहरीनं जाते, आणि ती लहर जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच मोजून दाखवली होती. पण मिटणं ही फक्त सुरुवात. आत अडकलेला किडा धडपडतो, केस पुन्हा पुन्हा हलतात, आणि जर्मन संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे तीनहून जास्त स्पर्श झाले की पाचकरस बनवणारी यंत्रणा चालू होते. धडपड थांबली तर सापळा ते फसवं भक्ष्य समजून साधारण दिवसाभरात उघडतो.

मेलेला किडा घालणाऱ्याला हे माहीत असणं गरजेचं आहे. सुकवलेले ब्लडवर्म किंवा मीलवर्म सोयीचे पडतात. सुकलेला किडा शुद्ध पाण्याच्या थेंबात पाच-दहा मिनिटं भिजवा. तो फुगून मऊ होतो. बारीक चिमट्यानं उचलून सापळ्याच्या तळाशी, पाळ्यांच्या घडीजवळ ठेवा. आता चिमट्याच्या टोकानं एक केस हलवा, क्षणभर थांबा, पुन्हा हलवा. सापळा मिटतो, कडेचे दात एकमेकांत गुंततात, पण मधे फट राहते. अर्धा मिनिट जाऊ द्या. मग अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी दोन्ही पाळ्या बाहेरून अगदी हलके दाबा, सोडा, दाबा, सोडा, असं मिनिटभर. जिवंत किड्याची वळवळ आपण बोटांनी करून दाखवायची. काही तासांत दात बाहेरच्या अंगाला वळतात, कडा एकमेकींना घट्ट चिकटतात आणि फट नाहीशी होते. पचन सुरू झाल्याची हीच खूण. पुढे पाच ते बारा दिवसांनी सापळा उघडतो तेव्हा आत रिकामं कवच उरलेलं असतं.

किडा सापळ्याच्या एक तृतीयांश लांबीपेक्षा मोठा नको. पाय किंवा पंख कडेबाहेर राहिला तर कडा सील होत नाहीत, आत जंतू शिरतात आणि सापळा काळा पडतो. फार लहान किड्यावरही सापळा खर्ची घालू नये. चार्ल्स डार्विननं तर असं सुचवलं होतं की दातांमधल्या फटी चिल्लर किड्यांना निसटू देण्यासाठीच आहेत, म्हणजे दहा दिवसांचं पचन क्षुल्लक घासापायी वाया जात नाही. मांसाचा तुकडा, चीज, शिजवलेलं अन्न घालू नका, सापळा सडतो. मातीत किंवा पानांवर खतही नको.

एक सापळा आयुष्यात मोजकीच पचनं करतो, मग काळा पडून जातो आणि मधून नवा येतो. गंमत म्हणून बोटानं मिटवलेल्या प्रत्येक सापळ्याचं आयुष्य घटतं आणि रोपाच्या पदरी काही पडत नाही. पाहुण्यांना हौस असेल तर भरवायच्या दिवशी बोलवा.

हिवाळा: टाळू नये असा भाग

सतत उन्हाळा दिला तर रोप एखादं वर्ष जोमानं वाढतं, मग सापळे लहान होत जातात, आणि पुढे कधीतरी ते कारण न कळता दगावतं. कारण ठरलेलं असतं, विश्रांती मिळालेली नसते. बियांपासून पहिल्या एखाद-दोन वर्षांची पिल्लं दिव्याखाली अखंड वाढवली तर चालतं. मोठ्या रोपाला दर वर्षी तीन महिने थंडी हवी.

कृत्रिम प्रकाशाचा एक फायदा इथे होतो. हिवाळा कोणत्या महिन्यात आणायचा हे तुमच्या हातात असतं. नऊ महिने वाढ आणि तीन महिने झोप हे गणित पाळलं की पुरे.

पहिलं काम, खाऊ घालणं बंद. मग सहा आठवड्यांत टायमर १४ तासांवरून १२ वर, पुढे १० वर आणा. जमेल तितकं रोप गार जागी न्या. वाढ मंदावते, मोठी पानं एकामागून एक काळी पडतात, मधे जमिनीलगत इवली पानं राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला रोप मेलं असंच वाटतं आणि टाकून दिलं जातं. टाकू नका, पांढरा कंद टणक असेल तर ते झोपलेलं आहे.

घरात किंवा गॅरेजमध्ये २ ते १० अंश राहील अशी जागा असेल तर कुंडी तिथे ठेवा, थोडा उजेड आणि किंचित ओल राखा. तशी जागा नसेल तर फ्रिज हाच भरवशाचा मार्ग. रोप कुंडीतून काढून मुळं शुद्ध पाण्यात धुवा. सगळे काळे, पिवळे, सैल भाग कात्रीनं काढून टाका, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. गंधकाची बुरशीनाशक भुकटी हलकी भुरभुरवा. तांबेयुक्त बुरशीनाशक मात्र वापरू नका. ओलसर स्फॅग्नम मॉस घट्ट पिळून त्यात मुळं आणि कंद गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वर नाव आणि तारीख लिहा आणि खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कदापि नको. या काळात प्रकाश नसला तरी चालतो. दर दोन आठवड्यांनी उघडून पाहा. मॉस सुकलं असेल तर थेंबभर पाणी, राखाडी लव दिसली तर तो भाग कापून पुन्हा भुकटी. दहा ते चौदा आठवड्यांनी बाहेर काढा.

बाहेर काढण्याचा हा दिवसच माती बदलण्याचा. ताज्या पीट-परलाइटमध्ये लावा, पहिला आठवडा दिवा उंच ठेवा, तास १० वरून हळूहळू १४ पर्यंत न्या. थोड्याच आठवड्यांत मधून नवे कोंब उलगडतात, आणि विश्रांती मिळालेल्या रोपाचे ते पहिले सापळे आधीच्या वर्षीपेक्षा मोठे निघतात तेव्हा सगळ्या खटाटोपाचं चीज होतं.

फूल आणि विभागणी

वसंतात मधून गोल टोकाचा जाड दांडा वर येतो. पान आणि दांडा यांतला फरक दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर कळतो. पानाच्या टोकाला सापळ्याचा चपटा आकार असतो, दांड्याचं टोक टपोऱ्या कळ्यांचं. घरातल्या प्रकाशात वाढणाऱ्या रोपाचा दांडा मी तरी कापून टाकावा म्हणेन. पांढरी फुलं देखणी असतात, पण त्यांपायी सापळ्यांची वाढ महिनोन्महिने खुंटते आणि अशक्त रोप त्यात जाऊही शकतं. कापलेल्या कोवळ्या दांड्याचे पाच सेंटिमीटरचे तुकडे ओल्या पीटमध्ये उभे खोचा. काहींच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांत नवी पिल्लं फुटतात.

वाढवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे विभागणी. माती बदलताना कंदाला बाजूनं फुटलेली, स्वतःची मुळं असलेली पिल्लं हातानं अलगद मोकळी करा. जोर लावावा लागत असेल तर ते पिल्लू अजून तयार नाही. बियांपासूनही रोपं होतात, पण पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं घेतात.

काय बिघडलं, कसं ओळखायचं

बाहेरचे जुने सापळे काळे पडणं हा रोजचा व्यवहार आहे. मधली नवी पानं काळी पडली तरच धावपळ करा; तेव्हा पाणी मोजा, कंद तपासा, सडका भाग कापून ताज्या मातीत लावा.

नवी पानं चुरगळलेली, पिळवटलेली निघत असतील तर भिंग घेऊन मध्यभागी मावा शोधा. अख्खी कुंडी शुद्ध पाण्यात एक ते दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवली की मावा गुदमरतो आणि रोपाला काही होत नाही. सापळे आपोआप मिटतील, ते पुन्हा उघडतात. पानं धुरकट, ठिपकेदार दिसून बारीक जाळी आढळली तर तो लाल कोळी, त्याला कोरडी गरम हवा मानवते. मातीवर उडणारी बारीक चिलटं मोठ्या रोपाला फारसं इजा करत नाहीत, पण पिल्लांना करतात. पिवळे चिकट कागद लावा आणि बशीतलं पाणी मधूनमधून आटू द्या. राखाडी केसाळ बुरशी दिसली की मेलेली पानं लगेच काढा आणि पंखा वाढवा.

सापळा मिटतच नसेल तर घाई नको. अगदी नवा, अगदी जुना, थंडीतला किंवा प्रकाश कमी मिळालेला सापळा आळशी असतो. दोन आठवडे प्रकाश वाढवून मगच निष्कर्ष काढा.

टाकीत सोबत कोण

फ्लायट्रॅप तीन महिने झोपायला गेला की टाकी ओकी दिसते. तिथे केप सनड्यू लावा. हीसुद्धा कीटकभक्षी, माती तीच, पाणी तेच, दिवा तोच, आणि तिला थंडीची विश्रांती लागत नाही. तिच्या चिकट पानांवर फिरकणारी चिलटंही अडकतात, त्यामुळे फ्लायट्रॅपच्या पिल्लांना आयती राखण मिळते. उंच वाढणाऱ्या सारासेनिया (नळीसारख्या पानांच्या कीटकभक्षी वनस्पती) या टाकीत नकोत, त्या सावली करतात आणि त्यांनाही हिवाळा हवा असतो. जिवंत स्फॅग्नम मॉस दिसायला मोहक, पण चांगल्या प्रकाशात ते बुटक्या फ्लायट्रॅपला गिळून वर जातं, तेव्हा लावलंच तर दर महिन्याला छाटा. सनड्यूला बी अमाप येतं आणि वाऱ्यासरशी प्रत्येक कुंडीत रुजतं. तिचे फुलांचे दांडे बी पिकण्याआधीच कापत चला.